मेडिकल फिजिसिस्टसाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कसं उभारावं: गरजेच्या पाहणीपासून प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत

१९९६ साली कोस्टा रिकातल्या सान होसे शहरात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या एका कोबाल्ट-६० यंत्रातला किरणोत्सर्गी स्रोत बदलण्यात आला. नव्या स्रोतातून किती वेगाने किरणोत्सर्गाची मात्रा मिळते हे मोजताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. प्रत्यक्षात ते १८ सेकंद. त्यामुळे स्रोत आहे त्यापेक्षा कमजोर वाटला, प्रत्येक रुग्णाचा उपचारवेळ वाढवून लावला गेला आणि ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे ५० ते ६० टक्के जास्त किरणोत्सर्ग मिळाला.

मिनिटांचे सेकंद करणं हे शाळेतलं गणित आहे. आणखी एक पुस्तक वाचून किंवा आणखी दहा व्याख्यानं ऐकून ही चूक टळली नसती. ती टळली असती दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे केलेल्या मोजणीने, किंवा आलेला आकडा अपेक्षित आकड्याशी ताडून पाहण्याच्या सवयीने. अशी सवय वर्गात लागत नाही. अनुभवी माणसाच्या नजरेखाली, खऱ्या यंत्रावर, महिनोन्‌महिने काम करताना लागते. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण उभारायला निघालेले बहुतेक लोक मात्र अभ्यासक्रम लिहिण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते अभ्यासक्रम हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याचे चांगले नमुने आयते उपलब्ध आहेत. खरी ताकद लागते ती मार्गदर्शक तयार करायला आणि प्रशिक्षणार्थी घरी परतल्यावर त्याच्या हातून ते काम होईल अशी व्यवस्था लावायला.

हा लेख व्यावसायिक संघटना, विद्यापीठं, मोठी कर्करोग रुग्णालयं आणि आरोग्य खात्यांतल्या अशा लोकांसाठी आहे, ज्यांना एकापेक्षा जास्त देशांतल्या मेडिकल फिजिसिस्टना, म्हणजे रुग्णालयातल्या किरणोत्सर्गाची मोजणी आणि सुरक्षितता सांभाळणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना, घडवायचं आहे.

आधी ठरवा: नेमका कोण घडवायचा?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, म्हणजे आयएईएने, २०१३ मध्ये ह्यूमन हेल्थ सिरीजच्या २५व्या क्रमांकाच्या पुस्तिकेत स्वतंत्रपणे रुग्णालयात काम करू शकणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टची किमान पात्रता मांडली. भौतिकशास्त्राची किंवा समकक्ष पदवी, मेडिकल फिजिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यावर एका शाखेत किमान दोन वर्षांचं देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण. शाखा प्रामुख्याने तीन: रेडिएशन ऑन्कोलॉजी (कर्करोगावरचे किरणोपचार), डायग्नॉस्टिक रेडिओलॉजी (एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्या) आणि न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधं). तुमचा कार्यक्रम या चौकटीत कुठे बसतो ते पहिल्याच कागदावर लिहून काढा.

ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला, पूर्ण कार्यक्रम: पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातला अनुभव एकत्र. इटलीतल्या त्रिएस्ते इथलं अब्दुस सलाम आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र आणि त्रिएस्ते विद्यापीठ यांचा २०१४ पासून चालणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम याच धर्तीचा आहे. पहिल्या वर्षी वर्ग, दुसऱ्या वर्षी इटलीतल्या रुग्णालयांमध्ये काम. दुसरा प्रकार, प्रशिक्षणार्थी स्वतःच्या रुग्णालयातच राहतो आणि दूरचा मार्गदर्शक ऑनलाइन व्यासपीठावरून त्याचं काम तपासतो. आशिया-पॅसिफिक भागासाठी आयएईएने उभं केलेलं 'अँपल' हे व्यासपीठ यासाठीच आहे. तिसरा प्रकार एक-दोन आठवड्यांच्या कौशल्य-वर्गांचा, उदाहरणार्थ लहान किरणक्षेत्रांची डोसिमेट्री, म्हणजे मात्रेचं मोजमाप, किंवा सीटीमधल्या मात्रेची तपासणी.

तिसरा प्रकार वाईट नाही, पण त्याची सरमिसळ पहिल्या दोघांशी करू नका. दोन आठवड्यांच्या वर्गानंतर मिळालेलं देखणं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि रुग्णालयाचं व्यवस्थापन ते पाहून ठरवून टाकतं की आपल्याकडे 'प्रशिक्षित फिजिसिस्ट' आहे. त्या कागदावर 'हजेरी' लिहायचं की 'क्षमता सिद्ध', हा निर्णय वाटतो त्यापेक्षा फार गंभीर आहे.

सरकारी दारं ठोठावताना दोन आधार उपयोगी पडतात. आयएईएच्या २०१४ च्या मूलभूत सुरक्षा मानकांत म्हटलं आहे की किरणोपचारातलं कॅलिब्रेशन (यंत्राचं किंवा उपकरणाचं वाचन प्रमाणाशी जुळवणं), डोसिमेट्री आणि गुणवत्ता तपासणी मेडिकल फिजिसिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात मेडिकल फिजिसिस्टची नोंद भौतिकशास्त्रज्ञांच्या गटात असली, तरी आरोग्यसेवेतल्या मनुष्यबळाचा तो अविभाज्य भाग आहे, अशी स्पष्ट टीप आहे. 'हे पद आरोग्य खात्यात बसत नाही' असं सांगणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ही टीप ठेवावी.

गरजेची पाहणी: प्रश्नावली पुरत नाही

विभागप्रमुखाला ईमेलने प्रश्नावली पाठवली की उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला सगळ्यात अत्याधुनिक तंत्र शिकवा. त्याऐवजी खालच्या गोष्टी कागदोपत्री मागवा:

- यंत्रांची यादी, मॉडेल आणि बसवल्याच्या वर्षासह. ट्रीटमेंट प्लॅनिंग (उपचाराचा आराखडा आखणाऱ्या) सॉफ्टवेअरची आवृत्ती
- किरणोत्सर्ग मोजणारे आयन चेंबर आणि त्यांचं वाचन देणारे इलेक्ट्रोमीटर कोणते, त्यांचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी आणि कोणत्या प्रयोगशाळेत झालं
- मागच्या वर्षभराच्या गुणवत्ता तपासणीच्या नोंदी, कोऱ्या राहिलेल्या तारखांसकट
- यंत्राच्या आउटपुटच्या, म्हणजे यंत्रातून मिळणाऱ्या मात्रेच्या, कागदावर सही कोण करतं, आणि दुसरी सही असते का

शेवटच्या दोन मुद्द्यांतून जितकं कळतं तितकं बाकी कशातून कळत नाही. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जा, आणि तिथल्या तंत्रज्ञांशी बोला. यंत्र सकाळी किती वाजता गरम होतं, कोणता इंटरलॉक (यंत्र आपोआप थांबवणारी सुरक्षा-कळ) वारंवार त्रास देतो, फिजिसिस्ट रजेवर असला की काय होतं, हे त्यांनाच माहीत असतं.

मनुष्यबळ किती लागेल याचा अंदाज 'एका यंत्राला एक माणूस' अशा ठोकताळ्याने बांधू नका. आयएईएने किरणोपचारासाठी २०१५ मध्ये आणि इमेजिंग व रेडिओन्यूक्लाइड उपचारांसाठी २०१८ मध्ये प्रत्यक्ष कामाच्या मोजमापावर आधारित पद्धती प्रसिद्ध केल्या आहेत. त्या वापरल्या की प्रशिक्षणासाठी किती तास शिल्लक राहतात हेही उघड होतं. बहुतेक ठिकाणी उत्तर 'जवळजवळ शून्य' असं येतं, आणि ते आधीच कळलेलं बरं.

अभ्यासक्रमाआधी कामांची यादी

आता खरा आराखडा. विषयांची यादी बाजूला ठेवा आणि प्रशिक्षण संपल्यावर हा माणूस एकट्याने कोणती कामं करेल ते लिहा. रेडिएशन ऑन्कोलॉजीत अशी पंधरा-वीस मोठी कामं निघतात: आउटपुट कॅलिब्रेशन, नव्या यंत्राचं कमिशनिंग (वापराआधीची पूर्ण मोजमापं), प्लॅनची स्वतंत्र पडताळणी, ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे शरीरात किंवा गाठीजवळ ठेवायच्या स्रोताची मोजणी, खोलीच्या भिंतींच्या शिल्डिंगचा हिशेब वगैरे. प्रत्येक कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात कुठे पाय घसरतो ते शेजारी लिहा.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. लिनॅक या किरणोपचार यंत्राच्या फोटॉन किरणशलाकेचं आउटपुट मोजणं. पद्धत आयएईएच्या टीआरएस-३९८ या संहितेत दिलेली आहे. ती २००० साली आली आणि २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पाण्याचा फँटम (शरीराऐवजी वापरायची पाण्याची टाकी), १० सेंटिमीटर खोली, १० बाय १० सेंटिमीटरचं क्षेत्र, चेंबरचा कॅलिब्रेशन गुणक, किरणशलाकेच्या गुणवत्तेचा गुणक, आयनांच्या पुनर्संयोगाची आणि ध्रुवतेची दुरुस्ती. हे सगळं कुठल्याही चांगल्या वर्गात शिकवतात. घसरण होते ती तापमान आणि दाबाच्या साध्या वाटणाऱ्या दुरुस्तीत, आणि तीही नेमकी आंतरराष्ट्रीय कारणांमुळे.

हवेला खुला असलेला चेंबर हवेच्या घनतेनुसार वाचन देतो, म्हणून ते वाचन एका संदर्भ तापमानावर आणि दाबावर आणावं लागतं. बहुतेक देशांत संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस धरतात. उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळा २२ अंश धरतात. एका ठिकाणी कॅलिब्रेट झालेला चेंबर दुसऱ्या ठिकाणच्या वर्कशीटमध्ये डोळे झाकून भरला की ०.७ टक्क्याची चूक पहिल्याच ओळीत होते. एवढी चूक कुणाच्या लक्षात येत नाही आणि कायमची मुक्कामाला राहते.

दाबाची गोष्ट याहून वाईट. प्रयोगशाळेत बॅरोमीटर नसेल तर लोक हवामान खात्याचा किंवा विमानतळाचा आकडा घेतात. तो बहुधा समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. समुद्रकिनारी शिकलेल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही, कारण तिथे दोन्ही आकडे जवळपास सारखेच असतात. तोच माणूस १,५०० मीटर उंचीवरच्या शहरात परतला की तिथला खरा दाब सुमारे ८४.५ किलोपास्कल आणि जाहीर झालेला आकडा १०१ च्या आसपास. दुरुस्ती चुकते आणि मोजलेली मात्रा खऱ्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी दिसते. 'यंत्र कमी देतंय' म्हणून आउटपुट वाढवलं, की रुग्णांना सुमारे २० टक्के जास्त मात्रा. म्हणून तुमच्या कामांच्या यादीत 'तापमान-दाबाची दुरुस्ती करता येते' असं लिहून भागणार नाही. लिहायचं ते असं: 'स्वतःच्या रुग्णालयाच्या उंचीनुसार दाबाचा अपेक्षित पट्टा सांगतो, बॅरोमीटरचं वाचन त्या पट्ट्यात आहे का पाहतो, आणि नसेल तर मोजणी थांबवतो.'

अशा वाक्यांना क्षमता-विधान म्हणतात. चांगलं विधान डोळ्यांनी पाहता येतं. 'समजतो', 'जाणतो', 'परिचित आहे' ही क्रियापदं खोडून टाका.

प्रत्येक कामासाठी विश्वासाच्या पायऱ्याही ठरवा. नेदरलँड्समधल्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी मांडलेली 'सोपवता येणाऱ्या व्यावसायिक कामांची' कल्पना इथे चपखल बसते. आधी फक्त पाहतो; मग मार्गदर्शक शेजारी उभा असताना करतो; मग मार्गदर्शक इमारतीत असताना करतो; मग एकटा करतो आणि नंतर तपासणी होते; शेवटी दुसऱ्याला शिकवतो. गुणांपेक्षा या पायऱ्या बोलक्या ठरतात, कारण मार्गदर्शकाला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: उद्या सकाळी हे काम मी याच्यावर सोपवून जाऊ शकतो का?

शून्यातून लिहायची गरज नाही. आयएईएच्या ट्रेनिंग कोर्स सिरीजमधल्या ३७ (रेडिएशन ऑन्कोलॉजी, २००९), ४७ (डायग्नॉस्टिक रेडिओलॉजी, २०१०) आणि ५० (न्यूक्लिअर मेडिसिन, २०११) या पुस्तिकांत क्लिनिकल प्रशिक्षणाचे तयार विभाग आणि क्षमतांच्या याद्या आहेत. ५६ क्रमांकाची पुस्तिका पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आहे. त्या घ्या, आणि गरजेच्या पाहणीत जे सापडलं त्यानुसार छाटा आणि वाढवा.

पाया सारखा करणं

वेगवेगळ्या देशांतून येणाऱ्यांपैकी कुणी भौतिकशास्त्राचा, कुणी अभियांत्रिकीचा, कुणी आधी तंत्रज्ञ म्हणून काम केलेला. प्रवेशाच्या वेळी एक निदान-चाचणी घ्या. ती कुणाला गाळण्यासाठी नाही, कुणाला काय द्यायचं ते कळण्यासाठी. शरीररचना, किरणजीवशास्त्र आणि मोजमापातली अनिश्चितता या तीन ठिकाणी खड्डे हमखास असतात. सहा ते आठ आठवड्यांचा पूरक वर्ग ऑनलाइन होऊ शकतो. त्यासाठी कुणाला विमानात बसवण्याचं कारण नाही.

मार्गदर्शक

सगळा कार्यक्रम इथे तरतो किंवा बुडतो. उत्तम फिजिसिस्ट हा उत्तम मार्गदर्शक असेलच असं नाही, आणि उत्तम मार्गदर्शकालाही दिवसाचे तास तेवढेच असतात. यजमान रुग्णालयाशी करार करताना तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या: मार्गदर्शकाचे आठवड्याला किती तास प्रशिक्षणासाठी राखीव, त्या तासांचं त्याचं नेहमीचं काम कोण करणार, आणि प्रशिक्षणार्थीला यंत्र किती तास मिळणार. यंत्राचे तास विसरले जातात. दिवसभर रुग्ण असतात, मोजमापं संध्याकाळनंतर होतात, आणि करारात लिहिलेलं नसेल तर प्रशिक्षणार्थी वर्षभर दुसऱ्याची मोजमापं काचेपलीकडून पाहतो.

मार्गदर्शकांचंही प्रशिक्षण ठेवा. निदान तीन दिवसांचं. त्यात सगळ्यात उपयोगी प्रयोग असा: एका प्रशिक्षणार्थीचं काम चित्रित करायचं, सगळ्या मार्गदर्शकांना ते दाखवायचं आणि प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता पायरी द्यायची. निकाल पाहून लोक चक्रावतात. एकाच कामाला कुणी 'एकट्याने करू शकतो' देतो, कुणी 'शेजारी उभं राहावं लागेल' देतो. मग चर्चा करा आणि पुन्हा पायरी द्यायला सांगा. चेंबरचं कॅलिब्रेशन आपण वेळच्या वेळी करतो. परीक्षकाचंही तसंच करावं लागतं.

चांगला मार्गदर्शक उत्तर सांगण्याआधी विचारतो: हा आकडा चुकला असता, तर तुला कशावरून कळलं असतं? हा प्रश्न प्रत्येक कामानंतर विचारण्याची सवय मार्गदर्शकांना लावा. प्रशिक्षणार्थी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो स्वतःलाच विचारायला लागतात.

दुसरी अडचण नाजूक आहे. अनेक ठिकाणी ज्येष्ठाला 'थांबा, मला हे पटत नाही' असं म्हणणं उद्धटपणाचं समजलं जातं. अशा वातावरणातून आलेला हुशार प्रशिक्षणार्थीही शंका गिळून टाकतो. यावर भाषण देऊन उपयोग नाही. काम थांबवणं हे मूल्यमापनात गुण मिळवून देणारं कौशल्य करा. मार्गदर्शकाने मुद्दाम चुकीचा आकडा सांगायचा आणि प्रशिक्षणार्थीने तो अडवायचा, असे प्रसंग आखा. अडवलं की नोंदवहीत तशी नोंद, मार्गदर्शकाच्या सहीसकट. दोन-तीन वेळा झालं की भीड चेपते.

एका प्रशिक्षणार्थीला दोन मार्गदर्शक द्या: एक यजमान रुग्णालयातला, एक मायदेशातला. मायदेशातला अनुभवाने कमी असला तरी चालेल. परतल्यानंतर कोण आठवण करून देणार, हा प्रश्न त्याच्यामुळे सुटतो.

वेळापत्रक आणि कागदपत्रं

दोन वर्षांची मांडणी कशी असावी यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: डोसिमेट्री आणि गुणवत्ता तपासणी आधी, प्लॅनिंग नंतर. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर आकर्षक असतं आणि एकदा स्क्रीनसमोर बसलेला माणूस पाण्याच्या फँटमकडे परत यायला नाखूश असतो. ब्रॅकीथेरपी शेवटच्या तिमाहीत ढकलू नका. तिथे एखादा महिना वाया गेला तर भरून काढायला जागा उरत नाही.

मध्ये किमान एकदा, साधारण वर्षाच्या शेवटी, प्रशिक्षणार्थीला दोन-तीन महिने मायदेशी पाठवा आणि शिकलेली दोन कामं तिथल्या उपकरणांवर करून घ्या. तिथे गेल्यावर कळतं की फँटम गळतो, इलेक्ट्रोमीटरची केबल जुळत नाही, किंवा यंत्राच्या कोनांची मोजपट्टी वेगळी आहे. हे शेवटचं खरोखर धोक्याचं असतं. आयईसी ६१२१७ या आंतरराष्ट्रीय मानकातली गँट्री (रुग्णाभोवती फिरणारा यंत्राचा हात) आणि कॉलिमेटर (किरणशलाकेला आकार देणारा भाग) यांची मोजपट्टी आणि काही जुन्या यंत्रांवरची उत्पादकाची पट्टी यांत शून्य वेगळ्या ठिकाणी असतं. दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरणाऱ्या देशांतल्या नोंदी, दिवस आधी की महिना आधी हा तारखांमधला घोळ, हेही याच वर्गातलं. पहिल्याच आठवड्यात एका पानाचं 'संकेत-पत्रक' प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून भरून घ्या: माझ्याकडे एककं, कोन, तारीख, दशांश कसे लिहितात, इथे कसे लिहितात. परिभाषेसाठी एमिटेल हा बहुभाषी शब्दकोश ऑनलाइन मिळतो.

कागदपत्रांतली एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे प्रशिक्षणार्थीच्या स्वतःच्या किरणोत्सर्ग-मात्रेची नोंद. व्यावसायिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. दोन देशांत दोन बॅज असतील तर बेरीज कुणीतरी करायला हवी. ते 'कुणीतरी' करारात नावाने नेमा. विमा, रुग्णांच्या माहितीची गोपनीयता आणि रुग्णावर थेट परिणाम होणाऱ्या यंत्रणा हाताळण्याची परवानगी यांचे नियम यजमान देशाचे लागू होतात. ते प्रवेशपत्रासोबतच पाठवा. व्हिसा हाती पडायला लागणारा वेळ नेहमी अंदाजापेक्षा जास्त असतो.

अपघातांची कार्यशाळा

दर तीन महिन्यांनी एक पूर्ण दिवस प्रसिद्ध अपघातांसाठी ठेवा. निष्कर्ष वाचून दाखवू नका. त्या वेळी त्या माणसाच्या हातात जी माहिती होती तेवढीच द्या आणि विचारा, तुम्ही काय केलं असतं?

१९८८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे नव्या कोबाल्ट स्रोताच्या कॅलिब्रेशनमधल्या चुकीमुळे २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त मात्रा मिळाली. सान होसेशी याची तुलना करा: मधल्या आठ वर्षांत तोच धडा दुसऱ्या खंडात पोहोचलाच नव्हता. पनामात २०००-०१ मध्ये प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये संरक्षक ब्लॉकची माहिती भरण्याची वेगळी रीत वापरली गेली. सॉफ्टवेअरने तक्रार न करता चुकीचा, जवळपास दुप्पट वेळ काढून दिला आणि २८ रुग्णांना त्याची झळ बसली. हाताने केलेला ढोबळ हिशेब पुरला असता. फ्रान्समधल्या तुलूझ इथे २००६-०७ मध्ये अगदी लहान क्षेत्रांची मोजणी प्रमाणाबाहेर मोठ्या डिटेक्टरने झाली. १४५ रुग्णांवर परिणाम झाला. पुढे २०१७ मध्ये लहान क्षेत्रांसाठी टीआरएस-४८३ ही स्वतंत्र संहिता आली. तुलूझचं उदाहरण मुद्दाम घ्या, कारण गरीब देशांत आणि जुन्या यंत्रांवरच चुका होतात हा गैरसमज त्याने जातो.

दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या विभागासाठी एक, फक्त एकच, अडथळा सुचवायचा, जो अशी चूक रुग्णापर्यंत पोहोचू देणार नाही. आयएईएच्या 'सॅफ्रॉन' या घटना-नोंदणी व्यवस्थेत किरणोपचारातल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग जमा होतात; पुढच्या कार्यशाळांचा कच्चा माल तिथे मिळतो.

मूल्यमापन आणि मान्यता

लेखी परीक्षेला महत्त्व कमी, प्रात्यक्षिकाला आणि कामाच्या नोंदवहीला जास्त. प्रात्यक्षिकात उपकरणांत मुद्दाम दोष पेरा: दुसऱ्याच चेंबरचं प्रमाणपत्र, चुकीच्या एककावर ठेवलेला बॅरोमीटर, उलटी ध्रुवता. दोष सापडला तर उत्तम; नाही सापडला तरी अंतिम आकडा संशयास्पद आहे हे ओळखलं तर उत्तीर्ण. दोन्ही नाही झालं, तर बाकी कितीही सफाईदार काम असलं तरी फेरपरीक्षा. तोंडी परीक्षेत एक परीक्षक बाहेरच्या देशातला हवाच.

बाहेरचा तटस्थ पुरावा हवा असेल तर टपालाने होणारी मात्रा-तपासणी वापरा. आयएईए आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून ही सेवा चालवतात: छोटे डोसिमीटर टपालाने येतात, ठरलेली मात्रा देऊन परत पाठवायचे, आणि त्यांनी मोजलेला आकडा तुमच्या आकड्याशी ५ टक्क्यांच्या आत जुळायला हवा. परतलेल्या प्रशिक्षणार्थीने स्वतः केलेली अशी तपासणी मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगते.

मान्यतेबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कार्यक्रमाला मिळते ती अधिस्वीकृती, व्यक्तीला मिळतं ते प्रमाणन. अमेरिका-कॅनडात कार्यक्रमांची अधिस्वीकृती कॅम्पेप ही संस्था देते, आणि २०१४ पासून अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजीच्या मेडिकल फिजिक्स प्रमाणनासाठी कॅम्पेप-मान्य रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण, लागते. ज्या देशांत अशी राष्ट्रीय व्यवस्था नाही त्यांच्यासाठी २०१० मध्ये स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय मेडिकल फिजिक्स प्रमाणन मंडळ, म्हणजे आयएमपीसीबी, आहे. आयएईएची २०२१ ची ७१ क्रमांकाची पुस्तिका राष्ट्रीय प्रमाणन कसं उभारावं ते सांगते. पण कुठलंही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आपोआप मायदेशातला परवाना होत नाही. म्हणून पहिली जाहिरात काढण्याआधीच सहभागी देशांच्या नियामक संस्थेकडून आणि व्यावसायिक संघटनेकडून लेखी घ्या: हे प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला तुम्ही काय म्हणून ओळखणार? उत्तर टाळलं गेलं, तर त्या देशातली जागा थांबवून ठेवा.

पैसा, आणि माणूस टिकणं

आयएईएच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून शिष्यवृत्ती आणि तज्ज्ञांच्या भेटी मिळू शकतात. अर्ज सदस्य देशाच्या राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्यामार्फत जातो आणि मंजुरीची चक्रं लांब असतात, तेव्हा दीड-दोन वर्षं आधी लागा. प्रादेशिक संघटनांना, म्हणजे युरोपातली एफोम्प, आशियातली आफोम्प, आफ्रिकेतली फाम्पो अशांना, सुरुवातीपासून सोबत घ्या. त्यांच्याकडे पैसा कमी असतो, पण परीक्षक आणि ओळखी असतात.

प्रशिक्षित माणूस परदेशीच राहिला तर? बंधपत्रावर माझा फारसा भरवसा नाही. नाखुशीने परतलेला माणूस मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो. टिकवून धरतात त्या तीन गोष्टी: मंजूर पद, शिकलेलं काम करता येईल अशी उपकरणं, आणि सोबतीला आणखी एक फिजिसिस्ट. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी एका रुग्णालयातून शक्यतो दोघांना घ्या, एक वर्षाच्या अंतराने. स्वतंत्र फेरमोजणीला दुसरा माणूस लागतोच; एकाच माणसाला घडवून परत पाठवणं म्हणजे सान होसेतली परिस्थिती पुन्हा तयार करणं.

पहिली तुकडी आणि त्यानंतर

पहिली तुकडी चार ते सहा जणांची ठेवा. सहाव्या महिन्यात एक आढावा घ्या, त्यात प्रशिक्षणार्थींचं म्हणणं मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत ऐका, आणि वेळापत्रक बदलायची तयारी ठेवा.

परतल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात प्रत्येकाकडून चार गोष्टी मागवा: गुणवत्ता तपासणीच्या नोंदी, एक टपाली मात्रा-तपासणीचा निकाल, स्वतःच्या विभागात लावलेल्या नव्या अडथळ्याची माहिती, आणि जे काम शिकूनही करता येत नाही त्याचं कारण. कारण उपकरणांचं असेल तर ते निधी देणाऱ्याकडे पाठवा. कारण अधिकाराचं असेल, म्हणजे फिजिसिस्टच्या सहीला विभागात किंमत नसेल, तर व्यवस्थापनाशी बोलायला मार्गदर्शकाने स्वतः जावं. मात्रा-तपासणी ५ टक्क्यांच्या बाहेर गेली तर आठवड्याभरात मायदेशातला आणि यजमान असे दोन्ही मार्गदर्शक व्हिडिओवर बसून कच्च्या वाचनापासून पुन्हा हिशेब करतात, असा नियम आधीच ठरलेला असू द्या. आणि पुस्तिकांच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून वर्षातून एकदा सगळी वर्कशीट कोणत्या आवृत्तीवर आहेत हे तपासून सगळ्या केंद्रांना कळवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.